बेचाळीस ठोके

भाऊजी, तुमच्या मनगटावरची माझी बोटं मी स्वतःहून काढली नाहीत. बाईनं काढली. दुपार कलली होती, गोठ्यात बैल चाऱ्यासाठी खुंट्याला हिसके देत होते, आणि मी एका हातात घड्याळ धरून तुमच्या खाटेच्या काठावर बसलो होतो. नाडी थांबून किती वेळ झाला होता, ते मला सांगता येणार नाही. ज्यानं अर्ध्या वाशीमच्या नाड्या मोजल्या त्याला एवढं एक मोजता आलं नाही. बाई म्हणाली, "बापू, सोड आता. काई नाही त्याच्यात." आणि तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. लहानपणी किन्हीराजाच्या घरी माझ्या मुठीतून चोरलेला गूळ माझी ही थोरली बहीण अशीच सोडवायची.

त्याला आज अठरा दिवस झाले. लोक आले, बसले, गेले. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. मेलेल्या माणसाबद्दल बोलायला कोणाला कष्ट पडत नाहीत. मी ऐकत होतो. मी थकलोय भाऊजी. रडून थकलो असतो तर बरं झालं असतं, पण मला रडणंही धड जमलं नाही. ऐकून ऐकून थकलो. कारण प्रत्येक जण उठताना माझ्या पाठीवर हात ठेवायचा आणि तेच म्हणायचा, "तुमी होते म्हून दोन वर्सं जास्ती काढले त्याईनं, कंपोंडर."

दोन वर्सं जास्ती. ती दोन वर्षं मी तुम्हाला दिली की तुमच्याकडून घेतली, एवढंच मला तुमच्याशी बोलायचं आहे. बाकी तुमची जन्मतिथी, तुमचे वाडवडील, तुमच्या वांग्यांची कीर्ती हे सगळं ज्याला लिहायचं त्यानं लिहावं.

मी कोण, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे कागद दुसऱ्या कोणाच्या हाती पडले तर त्याच्यासाठी सांगतो. मी तुमच्या बायकोचा धाकटा भाऊ. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. म्हणजे डॉक्टर लिहून देतील ते खलायचं, ढवळायचं, बाटलीत ओतायचं, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा करायच्या आणि खिडकीतून "हलवून घ्या" म्हणायचं. एकवीस वर्षं मी "हलवून घ्या" म्हणतोय. याच्या पलीकडे माझं कोणी काही ऐकलं असेल तर मला आठवत नाही. दवाखान्यात डॉक्टर ऐकत नाहीत, घरी माझी बायको, तुमची साळेली, ऐकत नाही, आणि खिडकीतले लोक बाटली न हलवताच पितात.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी ते घड्याळ घेतलं. कापसाच्या जिनातल्या एका मुनिमाकडून, जुनं, खिशातलं, पण सेकंदाचा काटा असलेलं. त्या काट्यानं माझं डोकं फिरवलं. डॉक्टरांच्या कपाटातल्या पुस्तकात मी वाचलं होतं की मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला बहात्तर. बस्, मला मंत्र सापडला. भेटेल त्याचं मनगट धरायचं आणि बहात्तरच्या किती वर, किती खाली ते सांगायचं. पोस्टमनची धरली, न्हाव्याची धरली, न्हावी माझी हजामत करत असताना धरली आणि त्याची खूण अजून माझ्या गालावर आहे. एकदा तुमच्या लाल्या बैलाचीही शोधत होतो. माझी स्वतःची अठ्ठ्याऐंशी भरायची. ते मी विचारी माणसाचं लक्षण समजत होतो.

तुमची पहिल्यांदा मोजली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. रिठदच्या वाटेवरच्या तुमच्या मळ्यात तुम्ही मोटेच्या धावेवर, म्हणजे बैल जिथून उतरतात त्या उतारावर, पाय पसरून बसला होतात. बैल सुटीवर, म्हणून तुम्हीही सुटीवर. मी एकदा मोजली, दोनदा मोजली, घड्याळ कानाला लावून पाहिलं, पुन्हा मोजली.

"काय हो कंपोंडर, किती भरली आमची?"

"बेचाळीस."

"मंग बरी का वाईट?"

"माणसाची बहात्तर पाहिजे भाऊजी."

"आरे बावा! तीस कमी? कुठी सांडले?"

मला हसू आलं नाही. मी पुस्तकाचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं. तुम्ही शांतपणे कान कोरत ऐकलं आणि मग विहिरीकडं हात केला. "हे पाह्य. पलीकडच्या किसनाची मोट लहान. थो दिसभर खेपा मारते, बैलाईले फेस आणते, तवा त्याचा वाफा भरते. माही मोट मोठी. एका खेपीत दुप्पट पानी. मंग मले खेपा कमी लागते का नाही? तसंच असन आतमंधी."

"पुस्तकात तसं नाही."

"पुस्तक लिवनाऱ्यानं मोट हाकली होती काय?"

हा आपला वाद. पुढं किती वर्षं चालला! मी बाजाराच्या दिवशी मळ्यात यायचो, बाई पिशवीत वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरायची, आणि तुम्ही मनगट पुढं करून विचारायचात, "किती भरली?" कधी बेचाळीस, कधी चव्वेचाळीस, एकदा एक्केचाळीस. मी मान हलवायचो. तुम्ही म्हणायचात, "मोट मोठी हाय." चारचौघांत तुम्ही मला 'तुमी' म्हणायचात, 'कंपोंडर' म्हणायचात, आणि आपण दोघंच असलो की 'तू'. मला वाटायचं, चारचौघांतलं ते तुमी-बिमी म्हणजे साळ्याची थट्टा.

आता आठवतंय की सगळं माझ्या डोळ्यांपुढंच होतं. मोट हाकताना मध्येच थांबवून मी तुमची नाडी धरली की ती एकशेदहाच्या घरात असायची. आणि मोटेतलं पाणी पाटात पडून बैल मागे वर येईपर्यंत, तेवढ्यात, ती पुन्हा साठावर उतरलेली असायची. माझी जिना चढल्यावर उतरायला पान खाऊन होतं. हे मी पाहत होतो आणि वहीत लिहीतही होतो. पण माझं लक्ष एका आकड्यावर बसलं होतं. माणसाला एकच गोष्ट येत असली की तो सगळीकडं तीच पाहतो, आणि तीही चुकीची पाहतो.

तुमची कुसुम झाली तो दिवस मात्र मी विसरणार नाही. आत बाईचं चाललं होतं, सुईण दार लावून बसली होती, आणि तुम्ही अंगणात उकिडवे बसून एक काडी मोडून मोडून तिचा भुगा करत होतात. मी सवयीनं मनगट धरलं. एकशेवीस! ना मोट, ना धाव, बसल्या जागी एकशेवीस.

"हे काहून धावून राह्यलं रे?" तुम्ही मला हळूच विचारलंत. "मी त बसून हावो."

"भीतीनं."

"मले भेव नाही."

"तुम्हाला नसंल. त्याला आहे."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग आतून पोरीचं रडणं आलं, आणि माझ्या बोटांखाली ती नाडी अशी खाली येऊ लागली, जसे बैल धावेच्या टोकाला आले की आपोआप हळू होतात. तुम्ही हात सोडवून घेतला नाहीत. ऐंशी, सत्तर, साठ. मी मोठ्यानं मोजत होतो आणि तुम्ही हसत होतात, डोळे पुसत होतात. माझ्या आयुष्यात मी एवढं एकच वाक्य शहाण्यासारखं बोललो असेन, 'तुम्हाला नसंल, त्याला आहे'. तुम्ही ते पुढं दहा जणांना सांगितलंत आणि दर वेळी "आमचे कंपोंडर म्हणले" असं माझं नाव लावून सांगितलंत.

मग तो उन्हाळा आला, परवाच्या साली. शेजारच्या मळ्यातली तांब्याची घागर त्यांच्या विहिरीत पडली. गळ टाकून झाला, घागर लागेना. बुडी मारायची म्हटलं की पंचक्रोशीत तुमचंच नाव. तुम्ही धोतर खोचलंत, श्वास भरलात आणि गेलात. काठावर बायाबाप्ये जमले होते, मीही होतो. तुम्ही इतका वेळ वर आला नाहीत की एक म्हातारी देवाला नवस बोलू लागली. दुसरीनं तिला गप्प केलं. मग पाणी हललं, आधी घागर वर आली, मग तुम्ही. पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात टेकलात. मी पायऱ्या उतरून पहिल्यांदा काय केलं? मनगट धरलं.

अर्ध्या मिनिटात चौदा. म्हणजे अठ्ठावीस.

मी तिथंच, विहिरीच्या पायरीवरून, वर जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "बस्स! आजपासून मोट बंद, विहीर बंद! काळीज थांबायला आलंय यांचं!"

सगळे चूप झाले. नवसवाली म्हातारीही. एवढी माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी आहेत, असं माझ्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. ती शांतता मला आवडली, भाऊजी. हे एक वाक्य लिहायला मला अठरा दिवस लागले.

तुम्ही तोंडावरचं पाणी निपटलंत. मला वाटलं, आता तुम्ही मोटेचं काहीतरी काढाल आणि सगळे हसतील. तुम्ही वर लोकांकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. आणि म्हणालात, "तुमी म्हणता त बंद."

वैद्याचा काढा कडू म्हणून तुम्ही लिंबाच्या बुडात ओतला होता. तुमच्या थोरल्या भावानं सांगितलेली वाटणीची गोष्टसुद्धा तुम्ही ऐकली नव्हती. माझं ऐकलंत. मी घरी जाताना ताठ चाललो होतो.

त्यानंतरची दोन वर्षं मला सांगवत नाहीत, पण तुम्ही ती काढलीत, तर मला निदान लिहायला हवीत. मोटेवर गडी ठेवला. तुमची खाट लिंबाखाली आली. ज्या हातांनी बैल मागं रेटायचात त्या हातांनी बायांबरोबर बसून सांबाराच्या जुड्या बांधू लागलात. बैल पहिले काही दिवस धावेवरून तुमच्याकडं मान वळवून उभे राहायचे आणि गडी त्यांना शिव्या द्यायचा. तुमच्या दंडाचं मांस सैल पडलं. गावापर्यंत चालायचं तर तुम्ही मध्ये पुलाच्या कठड्यावर बसू लागलात. आणि नाडी? नाडी चढू लागली. पन्नास, छप्पन्न, चौसष्ट. मी खूश. माझं औषध लागू पडत होतं! ज्या दिवशी बरोबर बहात्तर भरली त्या दिवशी मी पेढे वाटले. हसू नका, खरंच वाटले. तुम्हाला ठाऊकच आहे, पहिला तुम्हाला दिला. तुम्ही तो सावकाश खाल्लात, बोटं धोतराला पुसलीत आणि म्हणालात, "आता झालो मी पुस्तकातला मानूस."

मला तो विनोद वाटला.

गेल्या साली दवाखान्यात नवे डॉक्टर आले. तरुण, पुण्याकडून शिकून आलेले, बोलायला गोड. मी एका दुपारी खलात चूर्ण घोटता घोटता त्यांना माझा पराक्रम सांगितला. नाव नाही सांगितलं. फुशारकीत थोडा विनय असावा म्हणून 'एक बागवान आहे' एवढंच म्हणालो. ते हातातलं पेन खाली ठेवून ऐकत राहिले. मग विचारलं, "त्याला घेरी यायची?" नाही. "पाय सुजायचे? दम लागायचा?" नाही. "आणि काम?" दिवसभर मोट.

"अहो, मग तो धडधाकट माणूस होता," ते म्हणाले. "हृदयाला दोन दोऱ्या असतात असं समजा. एक आवरून धरणारी, एक पळवणारी. काम पडलं, भीती वाटली, ताप आला, की पळवणारी ओढली जाते. निवांत असलं की आवरणारी. जन्मभर कष्ट केलेल्या माणसाचं हृदय बळकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. मग त्याला जास्त ठोके कशाला हवेत? आवरणारी दोरी ताणून ते निवांत चालतं."

मी विचारलं, विहिरीतले अठ्ठावीस कसे मग? ते हसले. गार पाण्यात तोंड बुडवून श्वास धरला की हृदय आपसूक धीमं होतं म्हणाले, बदकाचंही होतं. आहे तेवढ्या श्वासावर भागवायचं असतं त्याला. बाहेर आल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मोजायला हवी होती.

दोन-चार मिनिटं, भाऊजी! मी तिथं थांबलो नाही.

"त्याला उगाच बसवलं कोणी?" डॉक्टरांनी विचारलं. मी खलाकडं बघत म्हणालो, "रिठदकडचा माणूस आहे साहेब, तिकडच्याच कोणी बसवला." ते म्हणाले, "मग निरोप पाठवा त्याला. एकदम नको, पण हळूहळू कामाला लागू दे. बसून बसून तो खरोखरच आजारी पडेल." मी 'हो' म्हणालो. तुमचा मळा दवाखान्यापासून पाव कोस. तो निरोप वर्षभरात पाव कोस गेला नाही.

म्हणजे तुमची मोटच खरी होती. दुप्पट पाणी, निम्म्या खेपा. कान कोरत कोरत तुम्ही जे सांगितलंत तेच डॉक्टर शिकून आले होते, आणि मी दोन्ही वेळा समोर हजर होतो.

मी आलो नाही असं नाही. दर बाजाराच्या दिवशी घरून ठरवून निघायचो. वाटेत वाक्यं जुळवायचो. 'भाऊजी, नवीन शोध लागलाय.' हे बरं, म्हणजे चूक माझी नाही, शोधाची. मळ्याच्या बांधापर्यंत ते वाक्य टिकायचं. पुढं तुमच्या खाटेशी दोन-चार माणसं बसलेली असायची आणि त्यातला कोणी उठून मला जागा द्यायचा. "या कंपोंडर, बसा." पूर्वी मला कोणी जागा देत नसे. मी बसायचो.

एकदा आपण दोघंच होतो. तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघत होतात. "काई सांगाचं हाय काय तुले?"

"नाही."

"नक्की?"

"नाही, काही नाही."

तुम्ही धावेकडं पाहिलंत. गडी बैल मागं रेटत होता. मग मनगट पुढं केलंत. "मंग मोज."

मी मोजली. आकडा आठवत नाही. त्या दिवशी मी सेकंदकाट्याकडं बघतच नव्हतो.

आणि यंदा थंडी सरता सरता तुम्हाला ताप भरला. छातीत कफ धरला. तिसऱ्या दिवशी नाडी एकशेतीस, चौथ्या दिवशी एकशेचाळीस. काळीज असं धावत होतं की धावेला खाली टोकच नाही. यासाठी नवी गोळी निघाली आहे म्हणतात, पण विलायतेत चाललेल्या लढाईमुळं ती अकोल्यालाही मिळेना. डॉक्टर आले. खाटेवरच्या माणसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, जुड्या बांधून बांधून हिरवी झालेली तुमची नखं पाहिली, आणि मी सांगितलेला तो बागवान हाच, हे त्यांना समजलं. बाहेर आल्यावर मीच विचारलं, "बसवलं नसतं तर वाचले असते का?" ते म्हणाले, "हा आजार तालीमबाज पहिलवानालाही नेतो. मला सांगता येणार नाही." खोटं बोलले असते तरी चाललं असतं. हो किंवा नाही, काहीही.

त्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे उघडलेत. "किती भरली?"

मी म्हणालो, "बहात्तर."

तुम्ही हसलात की दम लागला, कळलं नाही. तुमचा हात खाटेवरून सरकत सरकत आला आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. बोटं बरोबर जागेवर ठेवलीत. इतकी वर्षं पाहून तुम्हाला जागा ठाऊक झाली होती. "खोटं बोलतानी तुहीच धावून राह्यली," तुम्ही म्हणालात. खोलीत बाई होती, कुसुम मानोऱ्याहून आलेली होती, तिचा नवरा होता. तरीही तुम्ही मला 'तू' म्हणालात.

त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

तेरवीला मी ठरवलं होतं. पंगत बसली की उभं राहायचं आणि सांगून टाकायचं की मी या माणसाला उगाच खाटेवर बसवलं, आणि कळल्यावरही गप्प राहिलो. आधी बाईला सांगायला आत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं, डॉक्टर, दोऱ्या, बदक, सगळं. ती माझ्याकडं न बघता ऐकत होती.

"त्याईले ठाव होतं," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगते? सोताचं आंग हाय. पह्यल्याच महिन्यात म्हणले, मले काई झालं नाही, बसून बसून होऊन राह्यलं."

"मग मोट का नाही धरली?"

बाईनं आता माझ्याकडं पाहिलं. "म्या बी हेच इचारलं. म्हणले, तुह्या भावाचं कोनी आइकत नाही. एवढ्या वर्सात चार मानसाईत पह्यल्यांदा तोंड उघडलं त्यानं. म्या उद्या मोट धरली त बाजारात लोकं हासतीन त्याले. काई दिवस बसतो. कळन त्याले, मंग थोच म्हणन, भाऊजी उठा. वाट पाहून राह्यले होते, बापू. तू बाजाराच्या दिवशी आला का म्हणत, आज म्हणते काय पाहू."

घरात मसालेभाताचा वास सुटला होता. बाहेर पत्रावळी मांडल्या जात होत्या. मी उठलो. "मी आत्ता सांगतो सगळ्यांना."

"सांगू नोको."

"का?"

"दोन वर्सं खाटेवर घालोले त्याईनं तुह्यं हासू होऊ नये म्हून. थे तू एका पंगतीत उधळतं काय?"

"मग कोणाला सांगू?"

"मले सांगतलं. आता त्याईले सांग."

मी पंगतीत गप्प जेवलो. दोघांनी आग्रह केला, एकानं 'तुमी होते म्हून' म्हटलं. घास गिळताना मला कळलं की हे असंच चालायचं, मी मरेपर्यंत. लोक जागा देत राहतील आणि मी बसत राहीन. म्हणून हे लिहितोय. बाई रागावेल. पण पंगतीत नको म्हणाली, लिहू नको म्हणाली नाही. शिवाय छापून आलं तरी आपल्याकडं वाचणारी माणसं चार, त्यातला एक मी. उरलेले तिघं हसले तर हसू द्या. आणि ज्या ज्या धट्ट्याकट्ट्या माणसाला मी घड्याळ दाखवून घरी बसवलं असेल, त्याला कोणी हे वाचून दाखवलं तर त्यानं कृपा करून आधी डॉक्टरकडं जावं, माझ्याकडं येऊ नये.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मळ्यातला गडी गावाला निघून गेला होता आणि वांग्याचे वाफे सुकायला लागले होते. बाई फावडं घेऊन पाटावर उभी राहिली. मी टोपी काढली, घड्याळ टोपीत ठेवलं आणि बैल जुंपले. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. बैलांना खाली नेणं जमलं, मागं रेटणं जमेना. लाल्यानं माझ्या पायावर पाय दिला. मोट वर आली ती अर्धी सांडली. अकरा खेपांत मी धावेच्या खालच्या टोकाला मटकन बसलो. छातीत ढोल वाजत होता. मोजायची गरज नव्हती. कानात, डोळ्यांत, दातांत ऐकू येत होता. मी वाट पाहत राहिलो की तो केव्हा उतरेल. बैल उभे राहून कंटाळले, तरी उतरेना. तुमची एका खेपेत उतरायची.

आजूबाजूला कोणी नव्हतं. लिंबाखालची खाट कुसुमनं घरात नेली होती. मी त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून, बोलायला दम नव्हता तरी मोठ्यानं म्हणालो, "भाऊजी, उठा. तुम्हाला काही झालेलं नाही. उठा."

बैलांनी कान हलवले.

वाफ्यातून बाई ओरडली, "कोनाशी बोलून राह्यला रे? पानी तुटलं इथी!"

मी उठलो.